पेटंटे उदंड, पण मोट कशाची बांधायची?

टोयोटाकडे सॉलिड-स्टेट बॅटरीची १,३३१ पेटंटे आहेत. टोकियोतल्या ‘पेटंट रिझल्ट’ या संस्थेच्या मोजणीवरून ‘निक्केई’ने २०२२ मध्ये हा आकडा छापला. सन २००० पासून मार्च २०२२ अखेरपर्यंतची ही बेरीज. दुसऱ्या क्रमांकावर पॅनासॉनिक, ४४५. तिसऱ्यावर इडेमित्सु कोसान ही तेल शुद्धीकरण करणारी कंपनी, २७२. दुसरा आणि तिसरा मिळूनही टोयोटाच्या निम्म्यापेक्षा जेमतेम पुढे जातात.

या आकड्यावरून टोयोटाने मैदान मारले असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो घाईचा आहे.

आधी बॅटरीबद्दल थोडे. आजच्या लिथियम-आयन सेलमध्ये दोन इलेक्ट्रोडांमध्ये लिथियमची ने-आण करणारा इलेक्ट्रोलाइट द्रव असतो आणि तो पेट घेतो. त्याच्या जागी घन पदार्थ घातला की आगीचा धोका घटतो आणि तेवढ्याच वजनात जास्त ऊर्जा साठवता येण्याची शक्यता निर्माण होते. अडचण अशी, की घन पदार्थातून आयन सहजी सरकत नाहीत. २०११ मध्ये रयोजी कान्नो यांच्या गटाने, टोयोटाच्या संशोधकांसह, जर्मेनियम असलेला एक सल्फाइड पदार्थ जाहीर केला. साध्या तापमानाला त्याची आयन-वाहकता सेंटिमीटरला १२ मिलिसीमेन्स होती, म्हणजे द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तोडीची. २०१६ मध्ये त्याच परंपरेतला पदार्थ २५ वर गेला. पेटंट अर्जांचा ओघही याच दशकात वाढला. युरोपियन पेटंट ऑफिस आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२० च्या संयुक्त अहवालानुसार वीजसाठवणुकीतल्या आंतरराष्ट्रीय शोधांची संख्या २००० मध्ये सुमारे १,००० होती, २०१८ मध्ये ती ७,००० च्या वर गेली. सॉलिड-स्टेटमधली वाढ २०१० पासून वर्षाला सरासरी २५ टक्के. २०१४ ते २०१८ या काळातल्या सॉलिड-स्टेट शोधांत जपानचा वाटा ५४ टक्के, अमेरिकेचा १८, युरोपचा १२.

इतक्या जणांच्या हाती इतके तुकडे असले की एखाद्या कारखानदाराला सेल बनवायला पाच-दहा दारे ठोठवावी लागतात. त्यावरचा जुना उपाय म्हणजे सगळ्यांच्या पेटंटांची मोट बांधून एकाच दारातून परवाना द्यायचा, आलेली रॉयल्टी वाटून घ्यायची. १८५६ मध्ये अमेरिकेत शिवणयंत्रांच्या पेटंटधारकांनी कोर्टातली भांडणे मिटवून हेच केले. १९१७ मध्ये युद्ध तोंडावर आल्यावर अमेरिकी सरकारच्या रेट्याने विमान कंपन्यांनी मोट बांधली आणि दर विमानामागे २०० डॉलर ठरवले. डीव्हीडी आणि डिजिटल टीव्हीमागच्या एमपेग-२ तंत्राची मोट १९९७ मध्ये बांधली गेली, तेव्हा तिच्यात ९ मालकांची फक्त २७ पेटंटे होती. परवान्याचा दर पुढे उपकरणामागे अडीच डॉलर झाला.

२७ या आकड्यावर थोडे थांबू. एमपेग-२ हे मानक होते. त्याचा मसुदा समोर ठेवून तज्ज्ञाला सांगता येत होते, की हे पेटंट टाळून डीव्हीडी प्लेअर बनवता येणार नाही, हे टाळता येईल. आवश्यक कोणते हे ठरले की वाटणीचे गणित सुटते. बॅटरीला असा मसुदाच नाही. सल्फाइड, ऑक्साइड, पॉलिमर असे तीन रस्ते आहेत आणि प्रत्येकाला आणखी वाटा फुटतात. सल्फाइड ओलाव्याला लागले तर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडते. ऑक्साइड ठिसूळ असते आणि भट्टीत भाजावे लागते. पॉलिमरला बहुतेक वेळा गरम ठेवावे लागते. एका रस्त्यावरचे ‘आवश्यक’ पेटंट दुसऱ्या रस्त्यावर रद्दी. टोयोटाची १,३३१ कागदपत्रे ऑक्साइडवाल्या कंपनीला किती नडतील, हे संख्येवरून कळतच नाही.

म्हणून इथे मोटेऐवजी दोघा-दोघांचे सौदे दिसतात. जुलै २०२४ मध्ये फोक्सवॅगनच्या पॉवरको या बॅटरी कंपनीने अमेरिकेच्या क्वांटमस्केपशी करार केला. त्यानुसार पॉवरकोला वर्षाला ४० गिगावॅट-तासांपर्यंत सेल बनवण्याचा परवाना मिळेल आणि तो ८० पर्यंत, म्हणजे सुमारे दहा लाख गाड्यांपुरता, वाढवता येईल. तांत्रिक प्रगती समाधानकारक झाली की रॉयल्टीपोटी १३ कोटी डॉलरची उचल द्यायची. १३ कोटींना ४० गिगावॅट-तासांनी भागा: एका वर्षाच्या क्षमतेवर किलोवॅट-तासामागे सव्वातीन डॉलर, ८० किलोवॅट-तासांच्या गाडीमागे २६० डॉलर. उचल दहा वर्षांच्या उत्पादनावर पसरली तर गाडीमागे २६ डॉलर. हा खरा दर नव्हे, उचलीवरून केलेला अंदाज आहे. पण ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीत २०२४ मध्ये बॅटरी पॅकची सरासरी किंमत किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होती, त्या मानाने ही रक्कम कुठे बसते ते दिसते. परवाना एकाधिकाराचा नाही, ही यातली महत्त्वाची अट. क्वांटमस्केप तोच माल इतरांनाही विकू शकते. बीएमडब्ल्यूने सॉलिड पॉवर या कंपनीकडून घेतलेला २ कोटी डॉलरचा परवाना तर निव्वळ संशोधनापुरता होता.

टोयोटा आणि इडेमित्सु यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये हात मिळवले, ते २०२७-२८ मध्ये सल्फाइड बॅटरी बाजारात आणण्यासाठी. यादीतला पहिला आणि तिसरा एकत्र आले, त्यामुळे याला दोघांचीच छोटी मोट म्हणता येईल. तेल शुद्धीकरणात गंधक उपउत्पादन म्हणून निघते, तेव्हा तेल कंपनीचे इथे काय काम हा प्रश्नही उरत नाही.

आता तारखा पाहू. पेटंट अर्जाच्या दिवसापासून २० वर्षे टिकते. कान्नोंच्या २०११ च्या पदार्थावरचा अर्ज त्याच सुमाराचा धरला तर ते पेटंट २०३१ च्या आसपास संपते. गाडी २०२८ मध्ये आली तर कमाईला तीन वर्षे. २००० ते २००५ मधल्या अर्जांचा अवधी तर संपला आहे किंवा संपत आला आहे. १,३३१ मधली किती पेटंटे पहिली गाडी विकली जाईल त्या दिवशी जिवंत असतील, हे एकूण बेरीज सांगत नाही.

लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा, म्हणजे एलएफपीचा इतिहास याच चालीचा आहे. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत अक्षय पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात हा पदार्थ हाताळला. मूळ पेटंट आणि कार्बनचा लेप देण्याचे तंत्र कॅनडाच्या हायड्रो-क्युबेक आणि तिच्या भागीदारांकडे एकवटले, स्वित्झर्लंडमधल्या एका कंपनीमार्फत परवाने दिले जाऊ लागले. चिनी उत्पादकांना चीनमधल्या विक्रीपुरती मोकळीक मिळाली. २०२२ पर्यंत मुख्य पेटंटे संपली, तोवर चीनने कारखाने उभे केले होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या मते त्या वर्षी विद्युत गाड्यांच्या बॅटऱ्यांत एलएफपीचा वाटा जवळपास ३० टक्के होता, आणि मोटारींमधल्या अशा बॅटऱ्यांपैकी सुमारे ९५ टक्के चीनमध्ये बनलेल्या गाड्यांत होत्या. जुलै २०२५ मध्ये चीनने एलएफपी बनवण्याचे तंत्र देशाबाहेर देण्यावर सरकारी परवानगीची अट घातली. शोध टेक्सासचा, पेटंट क्युबेकचे, आणि तंत्र हवे असेल तर अर्ज बीजिंगला.

टोयोटाच्या उदारतेची एक यादीही वाचण्यासारखी आहे. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने विद्युत आणि हायब्रिड गाड्यांची २३,७४० पेटंटे २०३० पर्यंत रॉयल्टीविना खुली केली. तपशील असा: मोटर २,५९०, पॉवर कंट्रोल युनिट २,०२०, नियंत्रण प्रणाली ७,५५०, ट्रान्सॲक्सल १,३२०, चार्जर २,२००, फ्युएल सेल २,३८०, त्यात २०१५ पासून खुली असलेली फ्युएल सेलची ५,६८० मिळवली की बेरीज जुळते. या यादीत बॅटरी सेलचा रकानाच नाही.

बॅटरीत खरी मोट बांधली गेली ती जुन्या, द्रव इलेक्ट्रोलाइटच्या तंत्रात. मे २०२४ मध्ये एलजी एनर्जी सोल्युशन आणि पॅनासॉनिक एनर्जी यांची पेटंटे हंगेरीच्या ट्यूलिप इनोव्हेशनकडे परवान्यासाठी सोपवली गेली. त्यांत १,५०० हून अधिक शोध आणि ५,००० हून अधिक पेटंटे आहेत. एमपेगच्या २७ शी तुलना केली की फरक डोळ्यांत भरतो: इथे आवश्यक किती हे ठरवणारा मसुदा नाही, त्यामुळे ते ठरवायला कोर्ट लागते. मे २०२५ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने चीनच्या सनवोडाविरुद्ध ट्यूलिपच्या बाजूने निकाल दिले. वाद सेपरेटरचा लेप आणि इलेक्ट्रोडची रचना यांवरच्या पेटंटांचा होता, आणि सेल होते डाशिया स्प्रिंग या छोट्या गाडीतले. जर्मनीत ते विकायला मनाई झाली.

वसुली तिथेच होते जिथे विक्री मोठी असते. सॉलिड-स्टेटची विक्री अजून नाममात्र आहे, म्हणून मोटही नाही.

भारतीय उत्पादकाला यातून एक हिशेब मांडता येतो. पेटंट देशापुरते असते. मुंबई, दिल्ली, चेन्नई किंवा कोलकाता इथल्या पेटंट कार्यालयांत ज्याचा अर्ज पोचला नाही, तो शोध भारतात वापरायला मोकळा. दिलेले पेटंट तीन वर्षे वापराविना पडून असेल तर सक्तीचा परवाना मागता येतो. २०१२ मध्ये कर्करोगाच्या औषधासाठी नॅटको या औषध कंपनीने तो मिळवला, ६ टक्के रॉयल्टीवर; अपिलात ती ७ टक्के झाली. मात्र चाकणमध्ये बनलेली गाडी जहाजाने युरोपला निघाली, की तिच्या सेलला म्युनिकचा कायदा लागू होतो आणि निर्यातदाराला परवाना त्या दारातूनच घ्यावा लागतो.