बेपत्ता माणसाचा फोटो फॉरवर्ड करण्याआधी

बेपत्ता माणसाच्या शोधात समाजमाध्यमांचा सर्वाधिक उपयोग पहिल्या काही तासांत होतो. स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध व्यक्ती घराबाहेर पडली, तर सुरुवातीला ती पायी किंवा एखाद्या बसने जाता येईल एवढ्याच परिसरात असण्याची शक्यता अधिक. अशा वेळी राज्यभर झालेल्या हजार शेअरपेक्षा त्या भागातल्या सोसायट्यांचे, रिक्षाचालकांचे, भाजीविक्रेत्यांचे चार व्हॉट्सॲप ग्रुप जास्त कामाला येतात.

त्याआधी पोलीस ठाण्यात तक्रार हवीच. त्यासाठी २४ तास थांबावे लागते हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी मोलाचा वेळ वाया जातो. मूल बेपत्ता असेल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१३च्या निर्देशांनुसार अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवावा लागतो. ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक अशा वेळी उपलब्ध असतात. पोलीस ठाण्याचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक संदेशात असला, की तो वाचणाऱ्याला खातरजमा करता येते.

संदेशात अलीकडचा फोटो, वय, उंची, अंगावरचे कपडे, बोलीभाषा आणि शेवटचे दिसलेले ठिकाण हवे. तारीख वर्षासह लिहावी. ‘काल सकाळपासून’ असे लिहिलेला संदेश तीन वर्षांनीही कालचाच वाटतो. संपर्काचे क्रमांक एकाहून अधिक द्यावेत. मुंबईत २०१३ साली हरवलेली एक लहान मुलगी २०२२ साली घरी परतली. ती जिथे काम करत होती तिथल्या एका महिलेच्या मदतीने तिने इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा तिला स्वतःच्याच शोधाचे जुने पोस्टर सापडले. त्यावरच्या पाच क्रमांकांपैकी एकच चालू होता, तोही शेजाऱ्याचा. नऊ वर्षांनंतर त्या एका क्रमांकामुळे आई आणि मुलगी एकमेकींना भेटल्या.

शोध उलट दिशेनेही चालतो. माणूस सापडलेला असतो, घर सापडत नसते. पश्चिम बंगालमधील हॅम (हौशी) रेडिओ चालकांची संस्था, वेस्ट बेंगॉल रेडिओ क्लब, गंगासागर यात्रेत हरवलेल्या अनेकांची घरे अशी शोधत आली आहे. त्या माणसाला बोलते करायचे, बोलीवरून प्रदेशाचा अंदाज बांधायचा आणि तिथल्या ओळखीच्या माणसांकडे फोटो पाठवायचा, अशी ही पद्धत. हा फोटो गर्दीकडे जात नाही, नेमक्या माणसाकडे जातो. म्हणून ही पद्धत अनुकरणीय आहे.

अनोळखी गर्दीच्या हाती अर्धवट माहिती पडली तर काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. त्या काळात देशभर फिरणारा मूल पळवल्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीसाठी बनवलेल्या चित्रफितीतून कापलेला होता. व्हॉट्सॲपने त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. संशयिताचा फोटो टाकून ‘हाच तो’ असे लिहिणे हा शोधाचा भाग नाही. मिळालेली माहिती ग्रुपवर न टाकता थेट पोलिसांना द्यावी.

आणखी एक धोका सहसा लक्षात येत नाही. बेपत्ता म्हणून शोधली जाणारी प्रौढ व्यक्ती स्वतःहून, कधी कधी छळ टाळण्यासाठी, घर सोडून गेलेली असू शकते. तिचा ठावठिकाणा उघड केल्यास छळणाऱ्यालाच तिचा पत्ता मिळतो. ती सुरक्षित आहे एवढीच खात्री पोलिसांमार्फत व्हावी. पत्ता कोणाला द्यायचा, हे तिने ठरवायचे.

मूल सापडल्यावर फोटोचे काम संपते. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास बाल न्याय अधिनियम २०१५च्या कलम ७४नुसार मनाई आहे. तरीही असे फोटो वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि मोठ्या झालेल्या त्या मुलांना त्यांचा त्रास होतो. म्हणून शोध संपताच मूळ पोस्ट काढून टाकावी आणि ती ज्या ज्या ग्रुपवर पाठवली होती, तिथे ‘व्यक्ती सापडली, हा संदेश पुढे पाठवू नका’ असे कळवावे.