चिखलात उतरण्याआधी मडफ्लॅप वर बांधा

कोकणातल्या आपल्या गावांत आता फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या बऱ्याच दिसतात. कुणाकडे थार, कुणाकडे जुनी जिप्सी, कुणाकडे बागेच्या कामाचा फोर-बाय-फोर कॅम्पर. गाडी घेताना इंजिन पाहिलं जातं, टायर पाहिले जातात, म्युझिक सिस्टीम तर हमखास पाहिली जाते. चाकामागे लटकणारं काळं रबर, म्हणजे मडफ्लॅप, कुणी पाहत नाही. पहिल्या पावसात जांभ्याच्या खाणीकडे किंवा आंब्याच्या बागेत गाडी घातली की चारपैकी एक तरी फ्लॅप गायब होतो. मग म्हणतात, "जाऊ दे, रबरच तर होतं."

रबर गेलं एवढंच असतं तर आम्हीही लिहायला बसलो नसतो. पण फ्लॅप एकटा जात नाही. ज्या स्क्रूवर तो लटकलेला असतो ते स्क्रू चाकावरच्या प्लॅस्टिकच्या आतल्या कव्हरला आणि पत्र्याच्या कडेला धरून असतात. फ्लॅप ओढला गेला की कव्हर फाटतं, पत्र्याची कड वाकते, आणि सुटलेलं कव्हर टायरला घासायला लागतं. गावातली तीच गाडी रात्री-अपरात्री बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी जुलैत महाड आणि चिपळूण पाण्यात गेलं. अशा वेळी साधी गाडी जिथे अडते तिथे लोक या गाड्यांकडेच बघतात. तेव्हा चाकात प्लॅस्टिक अडकून ती उभी राहिली तर काय उपयोग?

दुसरी बाजू रस्त्यावरच्यांची. फ्लॅप नसलेली गाडी डांबरी रस्त्यावर आली की टायरच्या खाचेत बसलेली खडी मागे उडते. मागे दुचाकीवर नवरा-बायको आणि पुढे टाकीवर बसवलेलं मूल असतं. कडेने शाळेची मुलं पांढऱ्या गणवेशात चालत असतात. पहिल्या तासाला चिखलाने माखलेली मुलं वर्गात येतात, ती आम्ही दर पावसाळ्यात पाहतो. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच भाग आहे, हे आपण सगळे लहानपणी मक्तबमध्ये शिकलो आहोत. मग आपल्याच चाकातून उडणारा दगड कोणत्या हिशोबात धरायचा?

म्हणून फ्लॅप काढून फेकायचा नाही, आणि फाटूही द्यायचा नाही. त्यासाठी आधी तो फाटतो कसा हे समजून घ्यावं लागतं. बहुतेकांना वाटतं, पुढे जाताना दगडाला घासून फाटतो. तसं क्वचित होतं. गाडी पुढे जाते तेव्हा चाकाची मागची बाजू खालून वर फिरत असते. फ्लॅप दगडाला लागला तरी मागच्या बाजूला दुमडतो, टायरपासून दूर जातो आणि दगड गेला की परत खाली येतो. रबर लवचीक असेल तर ओरखड्यापलीकडे काही होत नाही.

खरा घात होतो रिव्हर्स घेताना. आता चाक उलटं फिरतंय, म्हणजे त्याची मागची बाजू वरून खाली, जमिनीकडे जातेय. मागे एखादा दगड, बांध किंवा चाकोरीची उंच कड असेल तर ती फ्लॅपला पुढे, थेट टायरवर ढकलते. टायरने एकदा का फ्लॅपची कड पकडली की तो तिला खाली ओढतो आणि स्वतः वर चढून उभा राहतो. फ्लॅप टायरखाली दाबलेला, आणि गाडी मागे जातेय. दीड-दोन टन वजनाच्या गाडीपुढे चार स्क्रू किती टिकणार? ड्रायव्हरला आत 'टक्' एवढाच आवाज येतो, तोही काच खाली असेल तर. पटत नसेल तर घरी एखाद्या खेळण्यातल्या गाडीला मागे कागदाची पट्टी चिकटवून पाहा. पुढे ढकला, पट्टी मागे सरकते. पट्टी चाकाला टेकवून मागे ओढा, आत जाते. मुलांना चाकाचं फिरणं शिकवायलाही हा प्रयोग चांगला आहे.

आणखी दोन कारणं आहेत. खडबडीत जागी एक चाक खड्ड्यात आणि दुसरं उंचवट्यावर असतं, तेव्हा उंचवट्यावरच्या चाकाचं स्प्रिंग दबतं आणि तिथली बॉडी खाली येते. कंपनी सांगते ती जमिनीपासूनची उंची, नव्या थारमध्ये २२६ मिलीमीटर, ती सपाट जागेवर उभ्या गाडीची आणि बॉडीखालच्या भागांची. फ्लॅप त्याच्याही खाली लोंबत असतो, म्हणून जमिनीला सगळ्यात आधी तोच टेकतो. दुसरं कारण आपल्या लाल मातीचं. ओली झाली की ती फ्लॅप आणि टायरच्या मधल्या जागेत थापली जाते, आणि किलो-किलो वजन त्या बिचाऱ्या स्क्रूंना लोंबत राहतं.

उपाय साधा आहे आणि जवळजवळ फुकट आहे. कच्च्या वाटेला लागण्याआधी फ्लॅप वर उचलून बांधायचा. फ्लॅपच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दोन बोटं आत एक भोक पाडा. त्यात ताडपत्रीला असते तशी पितळी रिंग बसवून घ्या. चपला-बॅगा शिवणारा कारागीर हे काम दोन मिनिटांत करतो. रिंग नसेल तर रबर त्या भोकापासूनच चिरत जातं. त्यातून नायलॉनची जाड दोरी ओवा, फ्लॅप मागच्या बाजूला वर दुमडा आणि दोरी बंपरच्या आतल्या लोखंडी पट्टीला बांधा. दोरी मागे ओढणारी हवी. सरळ वर ओढली तर रबराचा फुगवटा टायरकडे येतो आणि आपण ज्याला टाळत होतो तेच होतं.

गाठ सरफासाची मारा, म्हणजे चिखलाने भरलेल्या हातांनीही एका झटक्यात सुटते. तार वापरू नका. तुटलेली तार टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसली तर फ्लॅप वाचवायला जाऊन टायर जातो. आणि दोरी कशालाही बांधू नका! चाकाजवळून ब्रेकची नळी जाते, काही गाड्यांत एबीएसची वायरही जाते. त्यांना हात लावायचा नाही. सायलेन्सरला बांधली तर नायलॉन वितळतं. शॉकॲब्जॉर्बर किंवा पाटा वर-खाली हलत असतो, तिथे बांधलेली दोरी पहिल्याच खड्ड्यात तुटते.

हे झालं मागच्या चाकांचं. पुढच्या फ्लॅपला मागे बंपर नसतो. फूटस्टेप असेल तर तिच्या ब्रॅकेटला दोरी बांधता येते. नसेल तर आमचं मत सरळ आहे: पुढचे फ्लॅप काढूनच ठेवा. पुढच्या चाकाला वळायचंही असतं. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायरची कड मागच्या बाजूला फ्लॅपच्या अगदी जवळ येते, त्यात कुणी हौसेने कंपनीपेक्षा रुंद टायर टाकले असतील तर घासतेच. आधी घरी, अंगणात, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून खाली वाकून बघा. टायर आणि फ्लॅपमध्ये दोन बोटंही शिरत नसतील तर कच्च्या वाटेवर तो फ्लॅप टिकणार नाही.

काढायला कोणता पाना लागतो हेही घरीच बघून ठेवायचं. कुठे १० नंबरचा पाना लागतो, कुठे स्टार स्क्रू-ड्रायव्हर, आणि काही ठिकाणी बाहेरून बसवून देणारे सरळ रिवेट ठोकतात. रिवेट असेल तर ते काढून नट-बोल्ट टाकून घ्या. बोल्टखाली मोठा वायसर, किंवा त्याहून चांगलं म्हणजे फ्लॅपच्या वरच्या कडेला आडवी ॲल्युमिनियमची पट्टी लावून मग बोल्ट. पट्टीमुळे ओढ सगळ्या बोल्टांवर सारखी वाटली जाते, एका भोकावर येत नाही.

नवा फ्लॅप घेताना जाडजूड, कडक रबराच्या मागे लागू नका. गावात काही जण कन्व्हेयर बेल्टचा तुकडा कापून लावतात आणि "आता बघू कसा फाटतो" म्हणतात. तो फाटत नाही हे खरं, पण मग फाटतो तो गाडीचा पत्रा. फ्लॅप हा गाडीतला सगळ्यात स्वस्त भाग. जायचाच असेल तर त्याने जावं, त्याला धरून ठेवणाऱ्या पत्र्याने नाही. हातात घेऊन दुमडला की सहज दुमडला पाहिजे आणि सोडला की सरळ झाला पाहिजे. कंपनीचे कडक प्लॅस्टिकचे साचेबंद फ्लॅप शहरात ठीक, दगडावर मात्र त्यांचे तुकडे होतात. लांबीही कमी ठेवा. जमिनीपासून एक वीतभर वर संपणारा फ्लॅप खडी अडवायला पुरतो. खाली लोळणारा ट्रकच्या दिमाखाचा.

आता चालवण्याबद्दल. रिव्हर्समध्येच घात होतो हे कळलं की अर्धं काम झालं. वाट अरुंद असेल तर गाडी आत घालण्याआधी उतरून चालत जा, पुढे वळवायला जागा आहे का ते पाहा. मागे यावंच लागलं तर एकाला खाली उतरवा, पण तो गाडीच्या थेट मागे नको. चढणीवर गाडी मागे घसरते, माणूस चाकाखाली येऊ शकतो. त्याने बाजूला, आरशात दिसेल असं उभं राहावं आणि फ्लॅपकडे नजर ठेवावी. मुलं तर लांबच. लो-रेंजमध्ये, स्टेअरिंग शक्यतो सरळ ठेवून, हळू या. फ्लॅप चाकात जाताना दिसला की थांबा आणि अर्धा फूट पुढे घ्या. चाक सुलट फिरलं की तो बहुधा आपोआप सुटतो. जोर लावून मागे रेटणारे आमच्या ओळखीत बरेच आहेत. बंपरही बदलतात.

दुबई, शारजा, मस्कतला असलेली आपली मुलं सुट्टीला वाळूत गाड्या घेऊन जातात, त्यांच्यासाठी दोन शब्द. वाळूत टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवतात. टायर पसरतो, गाडी खाली बसते आणि फ्लॅपही तेवढाच खाली येतो. टेकडी चढता आली नाही तर सरळ रिव्हर्समध्येच उतरावं लागतं, कारण वाळूच्या उतारावर गाडी आडवी करणं म्हणजे उलटण्याला आमंत्रण. त्या वेळी खाली लोंबणारे फ्लॅप नांगरासारखे वाळूत रुततात. म्हणून मऊ वाळूत चारही काढून डिकीत ठेवलेले बरे. पण ओमानच्या वाद्यांमध्ये खडीचे कच्चे रस्ते आहेत, तिथे मागच्या गाडीची काच फुटते. वाळू संपली की परत लावा. आणि सुट्टीत गावी आल्यावर ती हौस आपल्या समुद्रकिनाऱ्यावर नको. वेळास-आंजर्ल्याकडे हिवाळ्यापासून कासवं वाळूत अंडी घालतात, आणि भरतीत अडकलेली गाडी ओढायला सगळा मोहल्ला लागतो तो वेगळाच.

कच्ची वाट संपली, डांबर लागलं, की पहिलं काम दोरी सोडणं. वर बांधलेला फ्लॅप काहीच अडवत नाही. टायरच्या खाचेत चिखल आणि खडी सगळ्यात जास्त भरलेली असते ती याच वेळी. थांबा, चारही बाजूंना एक फेरी मारा, फ्लॅपमागचा चिखल काठीने पाडा, निम्मा लटकलेला फ्लॅप असेल तर चाकूने सरळ कापून टाका. त्याला आतल्या बाजूला खोचून ठेवला की तो घाटात टायरला घासतो. पहिला एक किलोमीटर तीसच्या आत चालवा, म्हणजे खाचेतली खडी हळूहळू गळून पडते.

घरी आल्यावर पाइपने फ्लॅपच्या मागून पाणी मारा. जुम्म्याच्या आधी गाडी धुणारे बाहेरून चकचकीत करतात, पण ओली माती साठते ती फ्लॅप आणि पत्र्याच्या मधल्या फटीत. खाऱ्या हवेत ती आठवडाभर राहिली की गंज तिथूनच सुरू होतो. पाऊस संपला की, साधारण दिवाळीच्या सुमाराला, एकदा चारही फ्लॅप उतरवून मागचा पत्रा घासा, गंजरोधक रंगाचा हात मारा, बोल्टांना ग्रीस लावून परत बसवा. सकाळी सुरू केलं तर जोहरच्या आधी आटोपतं. दोरी, चाकू आणि तो एक पाना मात्र कायम गाडीतच राहू द्या, सीटखाली.