पाच रुपयांचं तिकीट आणि हाताने लिहिलेलं नाव

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मी बैठकीत जुनी चादर अंथरते आणि पाकिटं लिहायला बसते. एका बैठकीत चाळीस, जास्त नाहीत. त्यापुढे हात दुखतो, अक्षर तिरपं होतं, आणि माझा अनुभव असा की अक्षर घाईचं दिसलं की पाकीट तसंच पडून राहतं.

मनमाडात मी आयुर्विम्याचं काम करते, त्याला एकवीस वर्षं झाली. माझे निम्म्याहून अधिक विमेदार रेल्वेचे आहेत. कुणी लोको पायलट, कुणी गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात), कुणी पुलांचे गर्डर बनवणाऱ्या कारखान्यातले वेल्डर. बाकीचे धान्य गोदामातले, पानेवाडीच्या तेल डेपोवर टँकर चालवणारे आणि नांदगाव-चांदवडकडचे कांदा उत्पादक. रनिंग स्टाफमधला माणूस घरी कधी असेल ते त्याच्या बायकोलाही नक्की सांगता येत नाही. दुपारी फोन करावा तर तो रात्रभर गाडी चालवून नुकताच झोपलेला असतो. शिवाय विम्याच्या फोनवरचा लोकांचा विश्वासच उडाला आहे. ‘तुमच्या पॉलिसीवर बोनस जमा झालाय, फाइल चार्ज भरा’ म्हणून फसवणारे फोन इतके झाले की आपण बोनस जाहीर करत नाही आणि पॉलिसीही विकत नाही, असं विमा नियामक प्राधिकरणाला पुन्हापुन्हा सांगावं लागतं. अशा वेळी माझा खरा फोनही खोट्यांच्या रांगेत जाऊन बसतो. म्हणून मी पत्रं लिहिते.

सुरुवातीला मी छापील पत्रं पाठवली. पत्त्याची लेबलं कॉम्प्युटरवर काढलेली, मजकूर सगळ्यांना एकच. पुढे हप्त्याच्या निमित्ताने घरोघर गेले, तेव्हा तीच पाकिटं टीव्हीखालच्या कप्प्यात वीजबिलांच्या गठ्ठ्यात दिसली, कड न फाडलेली. एका घरी तर पाकिटाच्या मागच्या बाजूला दुधाचा हिशोब मांडला होता. मला वाईट वाटलं, पण मी त्या कप्प्यांकडे नीट बघायला लागले. उघडलेलं काय असतं? लग्नपत्रिका. कोपऱ्यांना हळदकुंकू, नाव पेनाने लिहिलेलं, आणि ‘सहकुटुंब’. न उघडलेलं काय असतं? ज्याच्या पारदर्शक खिडकीतून टाइप केलेला पत्ता दिसतो ते. त्यात बँकेचं काहीतरी असणार, ते साहेब आल्यावर बघतील, असं घरातली बाई म्हणते, आणि साहेब काही बघत नाहीत.

एक चूक सांगायलाच हवी. पाकिटावर लाल अक्षरांत ‘तातडीचे’ छापा, शंभर टक्के उघडतील, असा सल्ला मला छापखान्यात मिळाला आणि मी तो एकदा मानला. त्यातलं एक पाकीट रेल्वे क्वार्टरमधल्या एका घरी गेलं. घरात म्हाताऱ्या आई एकट्या. मुलगा भुसावळकडे गाडी घेऊन गेलेला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लाल शाई कळत होती. दुःखाची बातमी आणणारं कार्ड वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, अशा रीतीत वाढलेलं ते माणूस. पाकीट हातात घेऊन त्या अनवाणी शेजारच्या ब्लॉकमध्ये धावल्या. शेजारणीने उघडलं तर आत पेन्शन योजनेची माहिती! पाकीट उघडलं गेलं होतं, तेही पाच मिनिटांत. मी त्या आईंच्या पाया पडून आले, उरलेली सगळी पाकिटं चुलीत घातली, आणि त्या घरात तीन वर्षं विम्याचा शब्द काढला नाही. सरकारी नोटिशीसारखी दिसणारी, घाबरवून उघडायला लावणारी पाकिटं आजही फिरतात. मी त्यांना फसवणूकच म्हणते.

आता माझी रीत ठरलेली आहे. साधं पांढरं पाकीट, निळ्या शाईचं पेन, पत्ता मराठीत, पिन कोड ४२३१०४ तेवढा इंग्रजी आकड्यांत. उत्तरेकडून बदलून आलेल्यांना हिंदीत. नाव नवरा-बायको दोघांचं लिहिते. पूर्वी फक्त ‘श्री.’ लिहायची, तेव्हा पाकीट त्यांची वाट बघत पडायचं. वहिनींचं नाव आलं आणि त्यांनी ते स्वतः उघडायला सुरुवात केली. पण लिहिण्याआधी यादीवर पेन्सिल फिरवते. जिथे यजमान गेले आहेत तिथे चुकून ‘सौ.’ पडलं तर त्या बाईला काय वाटेल? ती एक चूक कुठल्याही माफीने भरून येत नाही. डाव्या कोपऱ्यात माझं नाव, पत्ता आणि ‘विमा प्रतिनिधी’ असं स्पष्ट लिहिते. लपवून कशाला पाठवायचं?

तिकीट पाच रुपयांचं, वीस ग्रॅमपर्यंत चालतं. नेहमीचा ए-फोर कागद पाच ग्रॅमचा भरतो, पाकिटाचं वजन वेगळं. म्हणजे दोन कागद निर्धास्त बसतात. मी एकच घालते. बुक पोस्टाने स्वस्त पडेल असं सुचवणारे भेटायचे, पण ते पाकीट न चिकटवता उघडंच पाठवावं लागायचं. विम्याच्या गोष्टी उघड्या पाकिटात मी घालणार नाही.

आता आतला मजकूर. योजनेची जाहिरात मी घालत नाही. एक तर एजंटाने मनाने जाहिरात छापायची नसते, कंपनीची मंजुरी लागते. आणि ‘पहिला हप्ता मी भरते’ असलं आमिष तर १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नेच बंद केलं आहे, त्याला दहा लाखांपर्यंत दंड आहे. मी वही उघडते आणि त्या एका घराचं जे काम अडलंय ते चार ओळींत लिहिते. ‘तुमच्या २००९ च्या पॉलिसीत वारस (नॉमिनी) म्हणून अजून आईंचं नाव आहे. त्या गेल्या. वहिनींचं नाव लावून घेऊ.’ किंवा, ‘हप्ते थकले आहेत. पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांच्या आत पॉलिसी पुन्हा सुरू करता येते, तुमची मुदत पुढच्या फाल्गुनात संपते.’ किंवा, ‘बाबांच्या पॉलिसीची मुदत संपून सहा वर्षं झाली, पैसे कुणी घेतलेले नाहीत. दहा वर्षं कुणी मागितले नाहीत तर ती रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते, त्याआधी या.’ तिथून पुढेही पंचवीस वर्षं मागता येते, पण तेव्हा कागद जुळवताना म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. मरणाची भीती घालणारं एकही वाक्य लिहीत नाही. वर ‘॥ श्री ॥’ आणि तारीख, खाली सही.

पाकिटं पोस्टात कधी टाकायची यालाही मनमाडात हिशोब लागतो. वागदर्डी धरण आटलं की उन्हाळ्यात नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी यायचं. पाण्याच्या दिवशी अख्खं घर हंडे, पिंप, टाक्या भरण्यात. दारात पडलेलं पाकीट तुडवलं जायचं, भिजायचं. तेव्हा मी आमच्या भागाचं पाणी होऊन जाऊ द्यायची आणि मग टाकायची. शेतकऱ्यांना कांदा काढणीच्या धांदलीत पाठवत नाही, बाजार समितीत माल जाऊन हातात हिशोबपट्टी आली की पाठवते.

काही पाकिटं परत येतात. पोस्टमनकाका मागे पेनाने शेरा मारतात, ‘दार बंद’, ‘पत्ता सोडून गेले’. परत आलेलं पाकीट मी फेकत नाही. क्वार्टर सुटलं म्हणजे बदली झाली, बहुतेक भुसावळ, इगतपुरी नाहीतर दौंड. शेजारी विचारून नवा पत्ता वहीत चढवते आणि तेच पत्र नव्या पाकिटात घालते.

गेल्या महिन्यात एका क्वार्टरमधून वहिनी आल्या, हातात माझंच पाकीट, कड सरळ कात्रीने कापलेली. पॉलिसी यजमानांची, ते दोन महिन्यांपासून आजारी. वारसाच्या रकान्यात अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांचं नाव होतं. आम्ही त्यांच्या घरी जाऊन फॉर्म भरला, यजमानांनी पलंगावर बसूनच सही केली, दुसऱ्या दिवशी मी तो शाखेत दिला.

तुमच्या कपाटातही एखादी पॉलिसी असेल. आजच काढा, वारसाच्या रकान्यात कुणाचं नाव आहे ते वाचा, आणि ते माणूस हयात नसेल तर या आठवड्यात बदलून घ्या.