कोजागिरीच्या रात्री ‘इंडस’: लपून बसणाऱ्याचं इथे जमत नाही

मागच्या भागानंतर खूप जणांनी विचारलं, ‘दादा, इंडस खेळलास का? कसा आहे?’ खेळलो. आणि ज्यांना इअरफोन लावून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून काढलाय.

१६ ऑक्टोबर २०२४, बुधवार. इंडस बॅटल रॉयल अँड्रॉइड आणि आयफोनवर आला तो नेमका कोजागिरीचा दिवस. येवल्यात आमच्या गच्चीवर दूध आटत होतं, आणि आम्ही चौघं सतरंजीवर मोबाइल घेऊन बसलेलो. जागायचं तर होतंच!

आता आधी हे सांगतो की या गेमची एवढी वाट का पाहिली गेली. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला. मग जुलै २०२२ मध्ये बीजीएमआय पण स्टोअरवरून काढला, तो परतला थेट मे २०२३ मध्ये. म्हणजे आपण जीव लावून खेळायचं आणि एक दिवस सगळं गायब. अशा वेळी पुण्याच्या सुपरगेमिंगने, म्हणजे मास्कगन बनवणाऱ्या कंपनीने, ‘आपला’ बॅटल रॉयल आणतो म्हटल्यावर एक कोटीहून जास्त लोकांनी आधीच नाव नोंदवून ठेवलं. पण ‘आपला आहे’ एवढ्यावर गेम चालत नाही ना. पहिल्या दिवशी लोक कौतुकाने येतात; दहाव्या दिवशी खेळात मजा असेल तरच येतात.

तर मजा आहे का? बराचसा भाग ओळखीचा आहे. विरलोक नावाच्या बेटावर उतरा, बंदूक शोधा, आकसत जाणाऱ्या वर्तुळात राहा. आपण ‘मिथवॉकर’, आणि कोवेन नावाच्या टोळीसाठी कॉस्मियम नावाची दुर्मिळ वस्तू मिळवायला आलोय, अशी गोष्ट आहे. खरी गंमत या कॉस्मियममध्येच आहे.

आपल्या भाषेत सांगतो. भोगी, संक्रांत आणि कर, तीन दिवस आपल्याकडे पतंग असतात. गच्चीगच्चीवर आसाऱ्या फिरतात. त्यात एक जण असतोच, जो पतंग लांब कोपऱ्यात नेऊन ठेवतो, कुणाशी पेच लावत नाही आणि संध्याकाळी म्हणतो, ‘बघा, माझा शेवटपर्यंत टिकला!’ बॅटल रॉयलमध्येही असेच लोक असतात. झुडपात पडून राहायचं, बाकीचे आपसात संपले की शेवटच्या एकाला मागून मारायचं. नियमात बसतं, पण बघणाऱ्यालाही कंटाळा आणि खेळणाऱ्यालाही.

इंडसमध्ये जिंकायचे दोन रस्ते आहेत. एक नेहमीचा, शेवटपर्यंत जिवंत राहा. दुसरा, मॅचच्या शेवटच्या टप्प्यात कॉस्मियम प्रकट होतं, ते ताब्यात घ्या आणि जिंका, मग समोर शत्रू जिवंत असला तरी चालेल. आता झुडपातला माणूस अडचणीत येतो. पडून राहिला तर दुसरा कुणीतरी कॉस्मियम घेऊन जाईल. उठला तर गोळी खाईल. एका नियमाने शेवटची मिनिटं बदलून जातात. आमच्यातला सगळ्यात जपून खेळणारा माझा मामेभाऊ पहिल्या दोन मॅच असाच पडून राहून हरला. तिसऱ्या मॅचमध्ये तो सरळ पळत सुटला. मेला, पण ओरडून हसत मेला.

दुसरी आवडलेली गोष्ट म्हणजे ‘ग्रज’. ज्याने तुम्हाला मारलं, त्याच्याशी वैर धरायचं आणि पुढे कधी गाठ पडली की हिशोब चुकता करायचा. हे आपल्याला काय शिकवायला नको!

दिसायला म्हणाल तर पुढच्या काळातला भारत, पण जुन्या खुणांसकट. मोरावर बेतलेलं मोर-नी नावाचं एक पात्र आहे. ते बघून आमच्यातला पैठणी विणणारा दोस्त थांबलाच. पदरातले मोर रोज त्याच्या हाताखालून जातात. म्हणाला, ‘हा आपल्या पदरावरचा नाही, पण ओळखीचा वाटतो.’ मला वाटतं, याहून चांगली पावती नाही.

आता मोबाइलचा विषय. कुणी म्हणेल, खरे शूटर कॉन्सोलवर. २५ ऑक्टोबर २०२४ ला कॉल ऑफ ड्यूटीचा ब्लॅक ऑप्स ६ आलाच. बरोबर, पण कॉन्सोलचा गेम बनवणाऱ्याला समोरचं मशीन कोणतं ते माहीत असतं. आपल्या चौघांच्या हातात चार वेगळे फोन. माझा चार वर्षं जुना. शेवटच्या वर्तुळापर्यंत तो इतका तापला की दुधाचं पातेलं त्यावर ठेवता आलं असतं. फोन तापला की त्यातली चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते. सेकंदाला ६० चित्रं दाखवताना प्रत्येकाला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात. ती ३० वर आली की ३३. म्हणजे समोरचा हलला हे तुम्हाला उशिरा कळतं. आणि कॉस्मियमसाठी सगळे एकाच जागी धावतात, नेमकं तेव्हाच फोनवर काम जास्त पडतं.

म्हणून जुना फोन असेल तर ग्राफिक्स कमी करा. चित्र सुंदर असण्यापेक्षा एकसारखं चालणं महत्त्वाचं. कव्हर काढा, चार्जिंगला लावून खेळू नका. आणि आमच्यासारखं चौघांत एक हॉटस्पॉट तर नकोच, पिंग उड्या मारते. मी हे सगळं केल्यावर चौथी मॅच बरीच सरळ गेली.

माझं मत? पैसे अजून एक रुपयाही घातलेले नाहीत, तुम्हीही पहिल्याच दिवशी घालू नका. पण कॉस्मियमसाठी एकदा जरूर पळून बघा. गेम आपल्या पुण्यात बनला म्हणून मी डाउनलोड केला, हे खरं. रात्री दोन वाजता दूध संपल्यावरही कुणी खाली उतरलं नाही, ते मात्र या एका नियमामुळे.

तुमच्या फोनवर कसा चालतोय ते कळवा. आणि झुडपात लपणाऱ्यांनो, तुमच्यावर माझा ग्रज आहे. भेटू पुढच्या भागात!