जुन्या वास्तूंची निगा

विदर्भाच्या पूर्व भागात इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या सान्निध्यात चंद्रपूर नगर वसलेले आहे. या नगराभोवती कित्येक किलोमीटर लांबीचा दगडी परकोट आहे. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर असे चार मोठे दरवाजे असून पायी ये-जा करण्यासाठी लहान खिडक्याही ठेवलेल्या आहेत. हत्तीवर मात करणारा सिंह, हे गोंड राजांचे चिन्ह, दरवाजांवर कोरलेले आढळते. शेकडो वर्षे ऊन, पाऊस आणि वारा सोसून हा परकोट उभा आहे. तो इतकी वर्षे कसा टिकला आणि यापुढे टिकावा म्हणून काय करावे लागते, हे आता आपण पाहू.

या नगराच्या स्थापनेविषयी एक आख्यायिका सांगतात. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह एकदा शिकारीस गेला असता, कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा कुत्र्याच्या पाठीस लागलेला त्याने पाहिला. हे नवल त्याने राणीस सांगितले. ज्या भूमीत सशाच्या अंगी असे धैर्य येते, त्या भूमीवर नगर वसवावे, असा सल्ला राणीने दिला. आणि ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेने तटाची आखणी झाली. ही झाली आख्यायिका. इतिहास असे सांगतो की, परकोटाचे काम एका राजाच्या कारकिर्दीत पुरे झाले नाही. पुढील राजांनी ते चालू ठेवून तडीस नेले. राणी हिराईने आपला पती बीरशाह याच्या स्मरणार्थ अचलेश्वर मंदिरानजीक सुंदर समाधी बांधविली. अठराव्या शतकाच्या मध्यास हे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले. चांदा हे या जिल्ह्याचे जुने नाव १९६४ पर्यंत प्रचारात होते.

१८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागून या तटास खिंडार पाडले व नगर जिंकले. तोफेचा मारा मोठा भयंकर असतो. तथापि जुन्या वास्तूंचे जितके नुकसान तोफांनी झाले आहे, त्याहून कितीतरी अधिक नुकसान मुकाट्याने काम करणाऱ्या शत्रूंनी केलेले आहे. पाणी, झाडेझुडपे आणि माणसाची बेपर्वाई हे ते तीन शत्रू होत.

प्रथम पाण्याचा विचार करू. तटाच्या माथ्यावरील एखादा दगड निखळला की त्या जागी पावसाचे पाणी साचते. ते सांध्यांतून आत झिरपते आणि दोन दगडांमधील चुना हळूहळू धुऊन नेते. चुना गेला की भिंतीच्या पोटातील भराव सैल होतो. भिंत बाहेरून धडधाकट दिसते, परंतु आतून ती पोकळ होत असते. मग एखाद्या पावसाळ्यात तिचा मोठा भाग एकाएकी ढासळतो आणि लोक म्हणतात, 'काल तर ती चांगली उभी होती!' वस्तुतः तिच्या पडण्याची सुरुवात पहिला दगड निखळला त्याच दिवशी झालेली असते.

चंद्रपूर व गडचिरोली हे दाट अरण्यांचे जिल्हे आहेत. येथे पाऊसही भरपूर पडतो. अशा प्रदेशात झाडाचे बी कोठेही रुजते. पक्षी पिंपळाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडते. पहिल्या वर्षी तेथे दोन कोवळी पाने दिसतात. ती एखादे मूलही दोन बोटांनी उपटू शकेल. दहा वर्षांनी मात्र तेच रोप वृक्ष होते, त्याची मुळे पाचरीसारखी फटीत शिरतात आणि मोठमोठे दगड एकमेकांपासून दूर सारतात. असा वाढलेला वृक्ष ओढून काढणेही धोक्याचे असते, कारण मुळांबरोबर भिंतीचे दगडही निघून येतात. म्हणून त्याचा वरील भाग प्रथम कापून, मुळे जपून मारावी लागतात आणि फट पुन्हा भरावी लागते. एका क्षणाचे काम वेळीच न केल्यास त्यासाठी पुढे महिने खर्ची पडतात, ते असे.

तिसरा शत्रू माणूस. कोणी पडक्या तटाचे दगड घराच्या पायासाठी नेतो, कोणी बुरुजाखाली केरकचरा टाकतो, तर कोणी कोरीव खांबावर स्वतःचे नाव खरडतो. हे सारे अपराध उघड दिसणारे आहेत. परंतु कधी कधी चांगल्या हेतूने केलेली दुरुस्तीही वास्तूस अपाय करते. पूर्वीचे गवंडी चुनखडीचे दगड भट्टीत भाजून, त्यावर पाणी ओतून चुना विरवीत. मग त्यात वाळू घालून तो घाणीत चांगला मळीत. ठिकठिकाणच्या रीतीप्रमाणे गूळ, बेलफळ किंवा हिरडा यांचे पाणीही त्यात मिसळीत. असा चुना काहीसा मऊ असतो. भिंतीतील ओल तो बाहेर सोडतो आणि दगडांची किंचित हालचाल झाली तरी ती सोसतो. सिमेंट त्याहून पुष्कळ कठीण असते. जुन्या भिंतीस सिमेंटचा गिलावा केला तर ओल आत कोंडते आणि दगडच झिजू लागतो. वरून भिंत नवी दिसते. आतून मात्र तिला रोग जडलेला असतो. म्हणून ज्या पदार्थाने वास्तू बांधली, त्याच पदार्थाने तिची दुरुस्ती करावी, हा या विद्येतील पहिला धडा आहे.

दुसरा धडा असा की, वास्तूस हात लावण्यापूर्वी तिची पुरती नोंद करावी. प्रत्येक भाग मोजतात, त्याची रेखाचित्रे व छायाचित्रे काढतात. दगड उतरविण्याची वेळ आलीच, तर प्रत्येकावर क्रमांक घालतात, म्हणजे तो नेमका आपल्या मूळ स्थानी परत बसविता येतो. एखादा दगड पुरता नष्ट झाला असेल तर नवा घडवितात. पण जुने कोणते व नवे कोणते हे जाणत्यास ओळखता यावे, याची दक्षता घेतात. तसे न केले तर आपण नकळत इतिहासात खोटी भर घालू.

या कामास किती धीर लागतो, हे गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे दिसते. तेथे वैनगंगा नदी उत्तरेकडे वळते आणि तिच्या तीरावर कोरीव शिल्पांनी नटलेला प्राचीन मंदिरांचा समूह आहे. महाशिवरात्रीस तेथे मोठी यात्रा भरते. सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी मुख्य मंदिरावर वीज कोसळली आणि शिखराचा भाग मंडपावर पडून मोठी हानी झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७३-७४ च्या दौऱ्यानंतर या मंदिरांचे वर्णन लिहून ठेवले. अलीकडे सर्वेक्षणाने मुख्य मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. परंतु ते लांबत गेल्याने भाविकांना हळहळ वाटली. घाई करावी तर शिल्पे बिघडण्याची भीती, विलंब करावा तर उघडे पडलेले दगड पावसात भिजण्याची भीती. वास्तूची निगा किती अवघड असते, हे यावरून ध्यानात येईल.

प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी आपल्या देशात १९०४ मध्ये एक कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये त्यासाठी अधिक व्यापक कायदा करण्यात आला. २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत बांधकामासाठी अनुज्ञा घ्यावी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपल्या संस्कृतीचा वारसा जतन करणे, हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये राज्यघटनेत नमूद झाले.

परंतु मैलोगणती पसरलेल्या तटाच्या प्रत्येक दगडापाशी पहारेकरी ठेवता येत नाही. तेथे लोकांनीच पुढे यावे लागते. चंद्रपूरचा परकोट झाडाझुडपांनी वेढला गेला होता आणि बुरुजांवर कचरा साचला होता. २०१७ च्या मार्च महिन्यात 'इको-प्रो' या संस्थेच्या तरुणांनी कुदळ, फावडी व घमेली घेऊन तो स्वच्छ करण्यास आरंभ केला. एक दिवस काम करून छायाचित्र काढून घेणे सोपे असते. हे तरुण मात्र दोनशेहून अधिक दिवस राबले. झुडपांमागे दडलेले बुरूज आणि तटावरची वाट पुन्हा दिसू लागली. मग नागरिक त्या वाटेने हिंडून आपल्या नगराचा इतिहास जाणून घेऊ लागले. जी वास्तू लोक पाहतात, तिच्याकडे लक्ष राहते. आणि जिच्याकडे लक्ष राहते, तिच्या फटीतील रोप वेळीच उपटले जाते.

येथे एक अडचण मनमोकळेपणाने पाहिली पाहिजे. जटपुरा दरवाजा घोडे, हत्ती व बैलगाड्या यांच्या काळात बांधला गेला. आज त्याच्याजवळ मोटारींची दाटी होते आणि लोक खोळंबतात. तटालगत राहणाऱ्या कुटुंबास घर वाढवायचे असले तर कायदा आडवा येतो. या लोकांची गैरसोय खरी आहे. म्हणून दरवाजा पाडावा काय? पाडलेला दरवाजा कोणालाही परत उभारता येणार नाही. रस्ता मात्र दुसरीकडून वळविता येतो. शहाणे लोक अशा वेळी दोन्ही गरजा भागतील असा मार्ग शोधतात. स्कॉटलंड देशात १९३१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने जुन्या गावांतील लहान लहान पडकी घरे विकत घेतली, दुरुस्त केली आणि राहण्यासाठी लोकांना विकली. आलेल्या पैशातून पुढचे घर दुरुस्त होई. अशा रीतीने वास्तूही वाचल्या आणि माणसांना निवाराही मिळाला.

वास्तू जतन करण्याची आणखी एक रीत आपल्याच अरण्यात पाहावयास मिळते. गडचिरोलीच्या माडिया व गोंड गावांतील गोटुल हे गावाचे एकत्र जमण्याचे घर असते. ते लाकूड, बांबू व गवत यांचे असल्याने दगडी तटासारखे शतकानुशतके टिकत नाही. कुजलेला खांब गावकरी बदलतात, छप्पर नव्याने शाकारतात, आणि हे काम करता करता मुले मोठ्या माणसांकडून बांधणीची कला शिकतात. तट दगडाने टिकतो आणि गोटुल हाताच्या कौशल्याने. परंतु दोहोंनाही सतत निगा लागते.

प्रत्येक गावात मोठा किल्ला असतोच असे नाही. पण जुनी वेस, विहीर, पार किंवा देऊळ बहुधा असते. त्याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावी. भिंतीवर नाव कोरू नये आणि दुसऱ्यास कोरू देऊ नये. फटीत रोप उगवलेले किंवा दगड निखळलेला दिसला तर शिक्षकांना अथवा ग्रामपंचायतीस कळवावे. स्वतः मात्र पडक्या भिंतीवर चढू नये. चांद्याचा परकोट बांधण्यास राजे, कारागीर आणि अनेक पिढ्या लागल्या. तो राखण्यासाठी राजाची आवश्यकता नाही. पावसाळ्यानंतर एकदा तटाकडे लक्षपूर्वक पाहणारी माणसे पुरेशी आहेत.

अभ्यास

१. जुन्या वास्तूंचे तीन शत्रू कोणते? त्यांपैकी एक शत्रू वास्तूचा नाश कसा करतो, ते सांगा.
२. जुन्या भिंतीच्या दुरुस्तीस सिमेंटपेक्षा चुना का चांगला?
३. वास्तूचे दगड उतरविण्यापूर्वी त्यांवर क्रमांक का घालतात?
४. 'जटपुरा दरवाजाजवळील गर्दी कशी कमी करता येईल?' या विषयावर वर्गात चर्चा करा.
५. आपल्या गावातील एका जुन्या वास्तूची माहिती दहा ओळींत लिहा.