अजिंठ्याचे जहाज आपल्या घरी

अजिंठ्याच्या लेणी क्रमांक २ मध्ये तीन डोलकाठ्यांचे एक जहाज रंगवलेले आहे. ते पूर्णाच्या कथेतले. पूर्ण हा सोपाऱ्याच्या, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याच्या, व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा. सावत्र भावांनी वाटा नाकारला, तरी तो समुद्रावर व्यापार करून मोठा झाला आणि पुढे भिक्खू झाला.

या चित्रावरून फळ्या दोरीने शिवून बांधलेले 'कौंडिण्य' जहाज २०२५ साली भारतीय नौदलात आले. जुना आराखडा नव्हता. मापे चित्रावरूनच काढली. लांबी सुमारे २० मीटर, रुंदी साडेसहा. ५० ने भागा: ४० सेंटीमीटर आणि १३. एवढे जहाज चाळीतल्या खोलीतही मावते.

प्लायवुडचा कणा कापावा, त्यावर फासळ्या चिकटवाव्यात. लाकडाच्या पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवून वाकवाव्यात आणि दोन्ही बाजूंना आळीपाळीने लावाव्यात. एकच बाजू आधी भरली तर कणा वाकतो. शिडांना जुन्या धोतराचे कापड चालते.

जातिव्यवस्थेने हात आणि डोके वेगळे केले. इथे मुलगा-मुलगी भागाकारही करतात, करवतही चालवतात. जहाज पुरे झाले की शेजारी पूर्णाची गोष्ट त्यांच्याच अक्षरात लिहून ठेवा.