शस्त्रक्रिया आणि औषधोपचारांच्या काळात स्तनपान

स्तनदा माता व त्यांच्या कुटुंबीयांसाठी माहिती

बाळंतपणाला दोन-तीन महिने होतात न होतात तोच आईच्या पोटात उजव्या बाजूला कळा येऊ लागतात, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसतात आणि डॉक्टर दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया सुचवतात. हे चित्र विरळ नाही. गर्भारपणातील संप्रेरकांमुळे पित्ताशयाचे आकुंचन मंदावते व खडे तयार होण्यास अनुकूल स्थिती निर्माण होते. तान्ह्या बाळाच्या आईवर शस्त्रक्रिया करावी लागण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. अशा वेळी घरातील पहिली चिंता बाळाच्या दुधाची असते आणि सल्लाही बहुधा ठरलेलाच मिळतो : भुलीचे औषध दुधात उतरते, दोन दिवस पाजू नका, दूध काढून फेकून द्या.

बहुतांश मातांच्या बाबतीत हा सल्ला अनावश्यक आहे. औषध दुधात पोहोचते ते आईच्या रक्तातून. रक्तातील प्रमाण उतरले की दुधातील औषधही बऱ्याच अंशी रक्तात परतते. भूल देण्यासाठी हल्ली वापरली जाणारी नेहमीची औषधे शरीरात फार काळ टिकत नाहीत. आई पूर्ण जागी झाली, विचारलेल्या प्रश्नांना नीट उत्तरे देऊ लागली आणि आधार घेऊन बाळाला धरू शकली, म्हणजे ती पाजू शकते. कमरेखाली बधिर करून केलेल्या सिझेरियननंतर आई व बाळ दोघेही स्थिर असतील तर पहिल्या तासाभरातच बाळाला छातीशी घ्यावे. दात काढण्यासाठी हिरडी बधिर केली असेल, तर थांबण्याचे काहीच कारण नाही.

पाजणे थांबवणे हा सावध पर्याय वाटतो. परंतु त्याची किंमत मोजावी लागते. दूध निघाले नाही तर स्तन दगडासारखे होतात, गाठी धरतात, ताप येतो आणि क्वचित पू होऊन दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. शस्त्रक्रियेनंतर आलेला ताप जखमेचाच असेल असे गृहीत धरून स्तनांकडे कोणी पाहतच नाही, हे वॉर्डात अनेकदा घडते. शिवाय दूध तयार होणे मागणीवर अवलंबून असल्याने दोन दिवसांच्या खंडानंतर ते कमी होऊ शकते. बाळाला बाटलीची सवय लागली तर ते स्तन नीट धरीनासे होते. साचलेले दूध नासते आणि बाळाला बाधते, हा समजही खरा नाही. स्तनातील दूध शिळे होत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी

आपण बाळाला अंगावर पाजता हे शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ या दोघांनाही आपणहून सांगा. बाळाचे वय, ते अपुऱ्या दिवसांचे होते का, त्याला श्वासाचा काही त्रास आहे का, हेही सांगा. केसपेपरवर 'स्तनदा माता' अशी ठळक नोंद करून घ्या. पाळी बदलली की तोंडी सांगितलेले मागे राहते; लिहिलेले पुढच्या परिचारिकेपर्यंत पोहोचते.

शक्य असल्यास सकाळची पहिली वेळ मागावी, म्हणजे उपाशी राहण्याचा काळ लांबत नाही. साधारणपणे हलका आहार 6 तास आधी बंद करतात, तर साधे पाणी 2 तास आधीपर्यंत घेता येते. मात्र आपल्या भूलतज्ज्ञांची सूचना अंतिम मानावी. आत जाण्यापूर्वी बाळाला पोटभर पाजावे. त्याच्या एक-दोन वेळांचे दूध आधीच्या दिवसापासून स्वच्छ हातांनी, उकळून घेतलेल्या झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात काढून ठेवावे. ते फ्रिजमध्ये 24 तास ठेवता येते. बाहेर ठेवल्यास 4 तासांच्या आत वापरावे, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर. भांडे कोमट पाण्यात ठेवून दूध थोडे कोमट करावे, थेट गॅसवर नको. पाजताना वाटी-चमचा वापरावा. बाटली किंवा बोंडले नको. बोंडल्याची चोच आतून स्वच्छ होत नाही.

वॉर्डात कोणी पावडरच्या दुधाचा मोफत नमुना हाती ठेवला तर तो घेऊ नये. असे नमुने वाटण्यास 1992 च्या शिशु दुग्ध पर्यायांविषयीच्या कायद्याने मनाई आहे.

शस्त्रक्रियेनंतर

पोटावर टाके असतील तर कुशीवर निजून पाजावे, किंवा बाळाला काखेखालून बाजूला घ्यावे, म्हणजे त्याचे पाय जखमेवर येत नाहीत. अतिदक्षता विभागात राहावे लागल्यास दर तीन तासांनी दूध काढण्यासाठी परिचारिकेची मदत मागा. ही मागणी अवाजवी नाही. एक दक्षता मात्र अवश्य घ्यावी : वेदनाशामकांची गुंगी असेपर्यंत बाळाला पाजताना शेजारी कोणीतरी जागे असावे आणि आईने त्याला कुशीत घेऊन झोपू नये.

दुखणे सोसण्याची गरज नाही. वेदनेने आखडलेल्या आईला दूध सुटायलाही वेळ लागतो. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही स्तनपानाच्या काळात पहिल्या पसंतीची वेदनाशामके आहेत. डायक्लोफेनॅकही चालते. मॉर्फिनसारखे तीव्र औषध आवश्यक ठरल्यास ते कमीत कमी मात्रेत, थोड्या काळासाठी आणि बाळावर लक्ष ठेवून देतात. कोडीन मात्र घेऊ नये. काही स्त्रियांच्या यकृतात त्याचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर होते आणि बाळाचा श्वास मंदावू शकतो; खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असते. आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाणारे ट्रामाडॉलही याच कारणासाठी शक्यतो टाळावे. बाळ दोन महिन्यांहून लहान किंवा अपुऱ्या दिवसांचे असल्यास विशेषच. वेदनेसाठी अ‍ॅस्पिरिन घेऊ नये.

अमॉक्सिसिलिन व सेफॅलोस्पोरिन गटातील प्रतिजैविकांसह पाजता येते. बाळाला दोन-चार दिवस पातळ शी होऊ शकते. त्यामुळे पाजणे थांबवू नये. क्षयरोगाच्या नेहमीच्या उपचारांतही स्तनपान सुरू राहते. सीटी स्कॅन किंवा एमआरआयसाठी शिरेतून दिलेल्या द्रव्यामुळे दूध फेकण्याची आवश्यकता नसते.

खरोखर थांबावे लागते ते मोजक्या प्रसंगी. कर्करोगावरील केमोथेरपीच्या औषधांसह पाजता येत नाही. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा उपचार ठरला असेल, तर त्या बाळाचे स्तनपान उपचाराच्या काही आठवडे आधीच पूर्ण बंद करावे लागते. किरणोत्सारी द्रव्य देऊन केलेल्या काही तपासण्यांनंतर ठरावीक तास थांबावे लागते. किती, ते तपासणीपूर्वी लिहून घ्यावे.

घरी सोडताना मिळालेल्या चिठ्ठीतील प्रत्येक गोळीबद्दल 'पाजताना चालेल ना?' असे विचारावे. नाही असे उत्तर आले, तर त्याच कामाचे दुसरे औषध आहे का हेही विचारावे, बहुधा असते. दुकानातून परस्पर घेतलेली सर्दीची गोळी निरुपद्रवी वाटते, पण तीत स्यूडोएफेड्रिन असल्यास दूध लक्षणीय घटू शकते.

आई कोणतेही गुंगी आणणारे औषध घेत असताना बाळ नेहमीपेक्षा जास्त झोपू लागले, उठवूनही पीत नसेल, अंग सैल वाटत असेल तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना दाखवा. श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि आई घेत असलेल्या औषधांची पाकिटे सोबत न्या.